पहिली प्लेट आणि पांढरी वाटी

आमच्या मिसळीच्या दुकानात सकाळची पहिली प्लेट मालकानं खायची, असा रिवाज होता. तो आजोबांनी घातलेला. चुलीवरचा कट कुणी चाखायचा नाही, डावाला लागलेला थेंबसुद्धा जिभेला लावायचा नाही, कारण भांडं उष्टं होतं आणि उष्टं गिऱ्हाइकाला वाढायचं नाही. मग कट जमलाय की बिघडलाय हे कळायचं कसं? तर मालकानं सगळ्यांदेखत पुढच्या बाकावर बसून पहिली प्लेट खायची, आणि त्याच्या कपाळावर घाम आला की मगच बाकीच्यांना वाढायला घ्यायचं. आजोबांच्या मागं हे काम आबांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं आलं. आबा सावकाश बसायचे, ब्रेडचा तुकडा कटात बुडवायचे, डोळे मिटून चावायचे. तिसऱ्या-चौथ्या घासाला कपाळावर बारीक थेंब उमटायचे. खांद्यावरच्या पंच्यानं त्यांनी ते टिपले, की समोर बसलेले बंडा वस्ताद म्हणायचे, "घाम आला. वाढा." वस्ताद म्हणजे शेजारच्या तालमीतले जुने पैलवान. कान मोडलेले, मान बैलासारखी, आणि बोलणं दिवसाला मोजून दहा वाक्यं. त्यातलं पहिलं रोज हेच असायचं.

दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मी, आई आणि आबा. मधे फक्त एक जाड पडदा. त्यामुळं माझं लहानपण सगळं अर्धं झोपेत आणि अर्धं दुकानात गेलं म्हटलं तरी चालेल. आधी कांदा-खोबरं भाजल्याचा वास स्वप्नात यायचा. स्वप्न कसलंही असो, शाळेचं, नदीचं, त्यात तो वास शिरला की मला झोपेतच कळायचं, आबा उठले. मग गल्लीतून म्हशींच्या गळ्यातल्या घंटा जायच्या, पलीकडच्या कट्ट्यावर चरवीत दुधाच्या धारा पडायच्या, तालमीतून शड्डूचा आवाज यायचा, आणि पंचगंगेकडून आलेलं धुकं दिव्याभोवती लोंबकळत राहायचं. मी पांघरुणात डोळे मिटून हे सगळं ऐकत पडायची. पडद्याच्या फटीतून चुलीचा तांबूस उजेड भिंतीवर हलायचा, त्यात आबांची सावली कट ढवळत असायची. आता या वयात पहाटे जाग येते तेव्हा भिंतीवर काहीच हलत नाही. तरी मी बघत पडते.

मी चौदा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आबा बरेच दिवस पोटावर हात दाबून चालायचे. विचारलं की म्हणायचे, "गॅस हाय. सोडा पितो." एका सकाळी कट ढवळता ढवळता ते तिथंच खाली बसले, आणि त्यांना रक्ताची उलटी झाली. आईनं आरडाओरडा केला नाही. तिनं चूल विझवली, दुकानाची फळी लावली, आणि मला रिक्षा आणायला पिटाळलं. मी गल्लीतून अनवाणी पळाले ते आजही पायांना आठवतं.

दवाखान्यात आठ दिवस काढल्यावर डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. जठरात जखम आहे म्हणाले. तिखट बंद, तेलकट बंद, चहा बंद, तंबाखू तर बंदच. मऊ खायचं, थोडं थोडं खायचं, पण सकाळी उपाशी राहायचं नाही. पुन्हा रक्त पडलं तर माझ्या हातात काही राहणार नाही, असंही म्हणाले. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डाक्टरसाहेब, मी मिसळवाला हाय. मला तिखट बंद म्हंजे गवंड्याला वीट बंद." डॉक्टर हसले नाहीत. आईही हसली नाही. तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली. काही मनावर घेतलं की ती अशी गाठ मारायची.

घरी आल्यावर खरा पेच उभा राहिला. औषध मिळत होतं, पथ्य पाळता येत होतं, पण पुढच्या बाकाचं काय करायचं? "लोक काय म्हणतील माहीत हाय का?" आबा खाटेवर पडून छताकडं बघत म्हणाले. "दत्तूच्या कटानं दत्तूचंच पोट फाडलं. एकदा असं तोंडात बसलं की कोण येतंय खायाला?" दुकान बंद का, असं कुणी विचारलं तर सांगायचं ठरलं होतं, पावण्याकडं गेलतो. पण पावण्याकडं माणूस किती दिवस राहणार. आबांच्या मते मिसळवाल्यानं मिसळ खाल्ली नाही म्हणजे दुकान संपलं, आणि आईच्या मते खाल्ली तर माणूस संपला. दोघंही खरं बोलत होते, म्हणून घरात कुणीच फारसं बोलत नव्हतं.

आईचं माहेर कुरुंदवाडच्या पलीकडं, जिथं अर्धी माणसं मराठी आणि अर्धी कानडी बोलतात. ती तिच्या आईला अव्वा म्हणायची. तिखटाच्या घरात नांदायला आली आणि आबांच्या हाताखाली मसाले भाजायला शिकली, पण तिच्या हातात मुळात होतं ते अव्वाकडचं मऊ, पांढरं रांधणं. इतकी वर्षं कुणी ते मागितलंच नव्हतं. आता ते बाहेर आलं. पहिल्या दिवशी तांदळाची पेज, वर तुपाचा ठिपका आणि मिठाचा खडा. दुसऱ्या दिवशी शाळूच्या, म्हणजे ज्वारीच्या, कण्या. त्यासाठी ती शाळू भरडून आदल्या दिवशीच भिजत घालायची आणि सकाळी मंद आचेवर इतक्या शिजवायची की डावानं उचललं तर दाणा दिसायचा आणि जिभेवर ठेवला की नाहीसा व्हायचा. वर आंबट नसलेलं ताक. मग मुगाचं कढण, जिऱ्याच्या वासाचं. मग राळ्याचा भात आणि कोमट दूध. मग लाह्यांचं पीठ दुधात कालवून. मग तांबड्या भोपळ्याची खीर, वेलदोडाही न घातलेली. पंधरा दिवस तिनं एकही पदार्थ पुन्हा केला नाही. वाटीत बहुतेक पांढरंच असायचं, पण रोजचं पांढरं निराळं. कण्यांचं पांढरं भुरकट, पेजेचं निळसर, राळ्याचं पिवळ्याकडं झुकणारं. कोल्हापुरात तांबडा-पांढरा म्हटलं की लोकांना मटणाचे रस्से आठवतात. मला आठवतं ते पडद्याच्या अलीकडचं पांढरं आणि पलीकडचं तांबडं.

आबा ते पांढरं खायचे कसे, तर दार लावून. चोरून दारू पितात तसे. भिंतीकडं तोंड करून, वाटी मांडीत धरून, आवाज न करता. "आज काय शिक्षा हाय?" असं विचारायचे, आणि आई म्हणायची, "कण्या हायत. गप खावा." कधी चिडायचे, "हे बाळंतिणीचं खाणं हाय, बाप्याचं न्हवं." आई म्हणायची, "बाळंतीण निदान बरी तरी हुती." पण मी एकदा फटीतून बघितलं. राळ्याचा भात होता. आबांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि मग वाटी नाकाशी धरून डोळे मिटून बसून राहिले, पहिल्या प्लेटच्या वेळी बसायचे अगदी तसे. वाटीतून वाफ वर जात होती आणि त्यांच्या तोंडावर कसली तरी फार जुनी शांतता होती. मला ते तेव्हा इतकं आवडलं की मी फट सोडून हलले नाही. आत्ता कळतं, आजारी माणसाचा बरा होण्याचा क्षण मी बघत होते.

मागच्या महिन्यात मला एका शिकलेल्या पोरीनं छापील कागद दिला. आहारतज्ज्ञ आहे ती, माझ्या नातीएवढी. माझ्याही पोटानं या वयात दगा दिलाय, त्याचं पुढं सांगते. कागदावर मथळा होता, नाजूक पचनासाठी सकाळच्या नाष्ट्याचे पर्याय. त्यात पेज होती, मुगाचं सूप होतं, ज्वारीचं काहीतरी होतं, भोपळा होता, आणि एका ओळीत परदेशी नावाचं एक भरड धान्य होतं, त्याच्यापुढं कंसात लिहिलं होतं, मिळत नसल्यास राळे चालतील. मी तिथं खुर्चीतच हसायला लागले. ती पोरगी घाबरली. म्हणाली, "काय झालं आजी?" मी म्हटलं, "काही नाही बाळ, माझ्या आईचा कागद तुझ्याकडं कसा आला ते बघतेय." तिला काय कळणार. आईला तर सहीसुद्धा येत नव्हती.

तर दुकान उघडायला लागणारच होतं, आणि उघडल्यावर पुढच्या बाकावर आबांना बसायला लागणारच होतं. यावर जी शक्कल निघाली ती माझ्या डोक्यातून निघाली. कबूल करते. एका दुपारी आई बीट किसत होती आणि तिच्या हातातला रस सांडून मऊ भात तांबडा झाला. मी बघतच राहिले. मी म्हटलं, "आई, लांबनं बघितलं तर ह्यो कट दिसंल की." आईनं माझ्याकडं असं बघितलं की आता फटका बसतोय असं वाटलं. पण ती किसणी धरून तशीच उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "हळद घालून बघ."

मग आम्ही माय-लेकींनी खोटी मिसळ रचली. मटकीच्या जागी मऊ शिजवलेले मूग. कटाच्या जागी बीट आणि हळद घातलेलं पातळ कढण, विटेच्या रंगाचं. तर्रीच्या जागी तुपाचे चार थेंब. फरसाणाच्या जागी शाळूच्या लाह्या. बाजूला ब्रेड, तो मात्र खरा. पुढच्या बाकापासून चार हातांवरून कुणालाही वाटावं, मालक मिसळ खातोय. एकच गोष्ट रचता येईना. मूग खाऊन घाम कुठला यायचा? तेव्हा तेही मीच केलं. आबांच्या खांद्यावर जो पंचा असायचा त्याचं एक टोक मी रोज पाण्यात भिजवून पिळून द्यायची. तिसऱ्या घासाला आबा त्या टोकानं कपाळ पुसायचे आणि कोरडं कपाळ ओलं व्हायचं. आबा नाटकात काम करायला अगदी नालायक माणूस. सुरुवातीला एका घासानंतरच पुसायला लागले. मी पडद्याआडून बोटं दाखवून मोजायची, एक, दोन, तीन, आता पुसा. आणि मग वस्ताद म्हणायचे, "घाम आला. वाढा."

चालून गेलं. महिना गेला, दोन गेले. आबांच्या गालांवर मांस आलं, पोटावरचा हात सुटला. मला तर आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागलं. पहाटे पांघरुणात पडल्या पडल्या मी दोन वास वेगळे करायची, एक पडद्यापलीकडचा, डोळ्यांत पाणी आणणारा, आणि एक अलीकडचा, मुगाचा आणि तुपाचा. दोन्ही वासांच्या मधे मी. ते दिवस आठवले की अजून कुणीतरी अंगावर ऊबदार गोधडी टाकल्यासारखं वाटतं. त्या उबेत एक गोष्ट आमच्या तिघांच्याही ध्यानात आली नाही, की चुलीवरचा कट आता कुणीच चाखत नव्हतं. चुलीपाशी चाखायचा नाही हा रिवाज आम्ही इमानानं पाळत होतो, आणि ज्या प्लेटनं तो चाखायचा ती प्लेट खोटी होती. सगळ्या शहरात इतकी मोठी चूक फक्त आमच्या घरालाच जमली असती.

श्रावण होता. आठ-आठ दिवस ऊन नाही, भिंतींना ओल, मिठाला पाणी. खोबऱ्याच्या वाट्या पोत्यात होत्या आणि आतून खवट झाल्या होत्या. भाजताना कांदा-लसणीच्या वासात खवटपणा लपतो. तो जिभेलाही पटकन कळत नाही. घास गिळल्यावर घशात धरतो. त्या सकाळी बाहेर रिपरिप होती, दुकान भरलेलं होतं. आबा पुढच्या बाकावर बसले, मूग-लाह्या खाल्ल्या, पंचा फिरवला. वस्ताद म्हणाले, "घाम आला. वाढा." आणि आम्ही वीस-पंचवीस जणांना तो खवट कट वाढला.

लोक खायला लागले आणि दुकानातला आवाज हळूहळू कमी झाला. हे मला आधी कळलं, कारण मी पडद्याआड आवाजावरच दिवस ओळखायची. कुणी चमचा ठेवत होतं, कुणी पाणी पीत होतं, शेजारच्याच्या तोंडाकडं बघत होतं. पण कुणी बोलेना. मालक समोर बसून चवीनं खातोय म्हटल्यावर आपल्याच तोंडाला काहीतरी झालंय असं प्रत्येकाला वाटत असणार. आणि आबा, त्यांना काय माहीत, मुगाचा शेवटचा चमचा चाटून म्हणाले, "आज झकास जमलाय."

बंडा वस्ताद उठले. त्यांनी आपली प्लेट उचलली, आबांच्या बाकापाशी आले आणि समोर बसले. "दत्तू," म्हणाले, "तुझ्या प्लेटीतला एक घास दे."

आबांच्या प्लेटमध्ये खाली थोडं कढण उरलं होतं, त्यात दोन लाह्या. आबांनी प्लेट झाकली नाही की मागं ओढली नाही. हे मी त्यांच्याबद्दल नेहमी सांगते. त्यांनी प्लेट दोन्ही हातांनी वस्तादांपुढं सरकवली. वस्तादांनी चमचाभर कढण तोंडात घेतलं, तोंडात फिरवलं, गिळलं. सगळं दुकान बघत होतं. मग वस्तादांनी आपली प्लेट आबांच्या पुढं सरकवली. "आता माझ्यातला खा."

"वस्ताद, मला खाता येत न्हाय," आबा म्हणाले. आवाज बारीक झाला होता पण स्वच्छ होता. "पोटात जखम हाय. रक्त पडलं व्हतं. डाक्टरनी तिखट बंद केलंय. चार महिनं झालं, मी हितं बसून मूग खातोय."

"ते मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं," वस्ताद म्हणाले. "माणसाचा घाम कपाळावरनं पंच्यात जातो. तुझा पंच्यातनं कपाळावर जात व्हता. म्हटलं, असंल कायतरी, कट चांगला हाय तवर आपलं काय जातंय. पण आज खोबरं खवट हाय दत्तू. आणि तू म्हणतोस झकास."

आबांनी वस्तादांच्या प्लेटमधल्या कटाला बोट लावलं आणि ते जिभेवर ठेवलं. नुसतं बोट. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आजारपणात तसा झाला नव्हता. ते उठले, चुलीवरचं भलं मोठं पातेलं दोन फडक्यांनी धरलं, आणि पावसात नेऊन गटारात पालथं केलं. गल्लीतून तांबडं पाणी वाहत गेलं. मग परत येऊन सगळ्यांपुढं हात जोडले. माणसं छत्र्या उघडून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. मी कोपऱ्यात बसून रडत होते, कारण बीट माझं होतं आणि पंचाही माझाच होता. आबांनी मला जवळ घेतलं नाही, रागावलेही नाहीत. नुसतं म्हणाले, "तुझी चूक न्हाय सुमे. आजोबांनी ती प्लेट घाम दावायला ठेवली न्हवती. आधी आपल्या पोटात, मग लोकांच्या पोटात, म्हणून ठेवली व्हती." आणि मग आईकडं वळून म्हणाले, "उद्या मी खरी प्लेट खाणार."

आईनं भांडं खाली ठेवलं. "खावा," म्हणाली. "आणि परवा कुणी खायची?"

"परवाचं परवा. लोकांच्या तोंडाला मी खवट लावलंय. उद्या हितं बसून न्हाय खाल्लं तर दुकानाची फळी कायमची लावायची."

"तुमचं दुकान ऱ्हायलं आणि तुमी न्हाय ऱ्हायला, तर म्या त्या बाकाचं काय करू? चुलीत घालू?" इतकं बोलून आईचा आवाज फुटला. चार महिने पदराला गाठ मारून बसलेली बाई त्या दिवशी आमच्यापुढं रडली. आबा मान खाली घालून बसले, पण बोललेलं मागं घेतलं नाही. मला दोन्ही हवं होतं, आबाही आणि आबांचं दुकानही, आणि त्या खोलीत एकाला धरलं की दुसरं सुटत होतं.

दुसऱ्या दिवशी नव्या खोबऱ्याचा कट उकळत होता तेव्हाही पाऊस होता. मी पांघरुणात नव्हते. पडद्याला धरून उभी होते. दुकानात तीन माणसं आली होती, वस्ताद धरून. रोज तिथं पाय ठेवायला जागा नसायची. आबांनी स्वच्छ धुतलेला, कोरडा पंचा खांद्यावर टाकला आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. "आण," म्हणाले. आई चुलीपाशी पाठ करून उभी राहिली, हलली नाही. तेव्हा प्लेट मी भरली. मटकी, फरसाण, कांदा, वरून डावभर कट, तर्रीसकट. ती घेऊन मी पडद्याबाहेर आले. आमच्या दुकानात पुढच्या बाकावर तेव्हा बाईमाणूस कधी बसलं नव्हतं. मी आबांच्या शेजारी बसले, प्लेट माझ्यापुढं ठेवली, आणि म्हटलं, "आबा, मी खातो." आमच्याकडं पोरी असंच बोलतात.

आबांनी माझं मनगट धरलं. मी दुसऱ्या हातानं घास घेतला. पहिला घास गेला, दुसरा गेला. आम्ही घरात तिखट खायचो, पण दुकानातला तो कडक कट मी असा प्लेटभर कधी खाल्ला नव्हता. कान गरम झाले, नाक वाहायला लागलं, डोळ्यांतलं पाणी कुठलं आणि कशाचं हे मला सांगता येणार नाही. मनगटावरची पकड कधी सुटली ते कळलं नाही. चौथ्या घासाला माझ्या कपाळावरून एक थेंब निघाला, भुवईवर थांबला आणि प्लेटमध्ये पडला. त्याच वेळी मागून आई आली. तिनं आबांच्या पुढं वाटी ठेवली. कण्या होत्या, वर ताक. दार लावून नाही, भिंतीकडं तोंड करून नाही, पुढच्या बाकावर, सगळ्या गल्लीला दिसेल अशी.

वस्ताद माझ्या कपाळाकडं बघत होते. "घाम आला," म्हणाले.

"थांबा वस्ताद," आबा म्हणाले. ते माझ्याकडं वळले. आजवर त्या कटाबद्दल त्यांनी कुणाला काही विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. "कसा झालाय, सुमे?"

खरं सांगायचं तर मला म्हणायचं होतं, झकास झालाय. तीनच माणसं आली होती, आईचे डोळे सुजलेले होते. पण घास घशातून खाली गेला होता आणि त्यानं जे सांगायचं ते सांगितलं होतं. मी म्हटलं, "मीठ कमी हाय, आबा."

आबा उठले, चुलीपाशी गेले, मिठाच्या बरणीत हात घालून मूठ भरली आणि कटात सोडली. ढवळलं. डाव उचलून त्यांनी जिभेला लावला नाही, बोटही लावलं नाही. परत येऊन माझ्याशेजारी बसले आणि कण्यांची वाटी हातात घेतली. "आता वाढा," म्हणाले, आणि लोकांदेखत पांढरा घास तोंडात घातला. शनिवारपर्यंत दुकान पुन्हा भरलं. आबा त्या बाकावर पांढरी वाटी घेऊन पुढं एकोणीस वर्षं बसले.

माझं लग्न चार घरं सोडून झालं, त्यामुळं बाक सुटला नाही. पहिली प्लेट मी आत्ताआत्तापर्यंत खात होते. डॉक्टर म्हणतात, इतकी वर्षं तेच केलंत, पोट कुठवर साथ देणार. माझी तक्रार नाही. आता पहिली प्लेट माझी सून मेघा खाते, आमच्याकडच्या सुनांसारखी मला आत्या म्हणणारी, आणि मी तिच्याशेजारी कण्यांची वाटी घेऊन बसते. कण्या मला आईसारख्या जमत नाहीत, दाणा कुठंतरी राहतोच. आज सकाळी कट मीच केला होता. सगळं हाताच्या अंदाजानं, आणि हाताचा मला अजून भरवसा आहे. मेघानं चार घास खाल्ले, पदरानं कपाळ पुसलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आत्या, मीठ कमी हाय." मला वाटलं, कमी नाही. मग मी उठले आणि मूठभर घातलं.